गटाच्या गाडीला मॅगव्हील घेताना

गटाच्या कर्जातून गाडी दारात आली की घरातलं एखादं तरुण पोर म्हणतंच, "मॅगव्हील टाकू, गाडी उठून दिसेल." चिंचवडच्या बाजारात दुकानांतून ती चाकं झळकतही असतात. पण त्यांच्यावर भाजीचे क्रेट आणि आपण बायका बसणार आहोत. म्हणून दुकानात आपणही जायचं आणि विचारायचं.

आपल्या भागात दोन्ही तऱ्हांची चाकं बनतात. चाकणला कल्याणी मॅक्सिऑनमध्ये लोखंडी, शिक्रापूरला एनकेईमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. फरक भांड्यांवरून कळेल. पत्र्याचं भांडं पडलं की पोचा येतो, बिडाचा तवा पडला की तडकतो. लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकते, थोडी वाकली तर ठोकून सरळ होते. मॅगव्हीलला जोराचा दणका बसला तर चीर जाऊ शकते. चीर गेलेलं चाक वेल्डिंग करून, रंग देऊन विकलं जातं. स्वस्त मिळालं तरी नको. माल भरून शेतरस्त्याने जाणाऱ्या गाडीला माझ्या मते लोखंडी डिस्कच बरी.

तरी घ्यायचंच ठरलं, तर माप पाहा. नुसते चार बोल्ट जुळून भागत नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो, जुन्या फियाट पालिओचा ९८. दोन मिलिमीटरचाच फरक, पण ओढूनताणून बसवलेलं चाक नीट टेकत नाही आणि नट ढिले होतात. मधलं भोक मोठं असेल तर हबवर बसणारी रिंग मागा. चाकावर आयएसआय खूण आणि वजनाचा आकडा शोधा. मागच्या ॲक्सलवर ८०० किलो येत असतील, तर एका चाकाने निदान ४०० किलो पेलायला हवेत. कंपनीपेक्षा मोठं चाक घेतलं की टायरची भिंत बुटकी होते आणि खड्डा थेट रिमला लागतो. मोह टाळा.

बसवताना नट गोल फिरत नव्हे, समोरासमोरचे आवळायला सांगा, आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने. हवेच्या गनने करकचून आवळलेला नट रस्त्यात आपल्याला उघडणार नाही. मग गाडीत माणसं बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. टायर कुठे घासला तर तिथेच परत करा. ५०-१०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासून घ्या. पक्कं बिल घ्या, विमा कंपनीलाही बदल कळवा.

आणि जुन्या डिस्क घरी आणा, त्या गटाच्या पैशाच्या आहेत. स्टेपनी बहुधा लोखंडीच राहते, तिला मॅगव्हीलचे नट बसतीलच असं नाही. जुने नट पिशवीत घालून स्टेपनीशेजारी बांधून ठेवा.