दम कुठं जातो?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला ‘खेळ आणि मनोबल’ हा विषय दिला. आम्ही काही प्रशिक्षक नव्हे. गिरणीची पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं तेवढंच आमचं शिक्षण. पण या विषयात आमची एक चूक झालेली आहे, ती सांगावी म्हणून उभे राहिलो.

मागे जुन्नर-आंबेगाव भागातल्याच एका गावच्या स्पर्धेत आपला संघ उतरला होता. गाव कोणतं ते सांगत नाही. मध्यंतराला आपण सहा गुणांनी पुढं. दुसऱ्या डावात प्रेक्षकांतून कुणीतरी आपल्या पोरांना जातीवरून शब्द टाकला. आपला पहिला चढाईपटू, तो इथंच बसलाय, त्यानं तो शब्द ऐकला आणि त्यानंतरच्या तीन चढायांत तीनदा पकडला गेला. दोन गुणांनी सामना गेला. परत येताना पोरगं जीपमध्ये एक शब्द बोललं नाही. मग सरावालाच येईना.

आम्ही त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, “अरे, तो राग जपून ठेव. पुढच्या वेळी त्याच रागानं खेळ.” चळवळीतल्या माणसाला हा सल्ला सहज सुचतो. मोर्चात तो चालतोही. कबड्डीत तो उलटा पडला. पुढच्या सामन्यात पोरगं रागानंच आत शिरलं आणि पुन्हा कोपऱ्यात सापडलं.

तेव्हा आम्ही विचारात पडलो. कबड्डी हा दमाचा खेळ. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत पलीकडं जायचं आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. राग आला की छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, दम लवकर संपतो. शिवाय नजर आखडते. समोरचा एकच गडी दिसतो, बाजूनं येणारी साखळी दिसत नाही. ताकद असते, पाय असतात, दम मात्र त्या शब्दामागं निघून गेलेला असतो.

आता तथागतांकडे या. राजगृहाजवळ शीतवनात सोण कोळिविस नावाचे भिक्खू होते. श्रीमंताघरचे, पाय मऊ. चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ झाले, तरी मन मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावं असं त्यांच्या मनात आलं. तथागतांनी त्यांना त्यांच्याच वीणेबद्दल विचारलं. तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? सोण मुळात वीणा वाजवणारे, त्यांना लगेच कळलं. आमच्या सल्ल्यानं त्या पोराची तार आणखी ताणली होती, एवढंच झालं होतं.

मग आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. सरावाआधी विहारात पंधरा मिनिटं बसायचं, फक्त येणारा-जाणारा श्वास बघायचा, आणि सोडताना जरा लांब सोडायचा. पहिल्या आठवड्यात पोरं खुदुखुदु हसत होती. दुसरं म्हणजे सरावातच गोंधळ घालायचा. कडेला हलगी वाजवायची, शिट्ट्या मारायच्या, पंचानं मुद्दाम चुकीचा निर्णय द्यायचा आणि पोरानं तो पचवून पुढची चढाई करायची. एका ज्येष्ठानं सुचवलं की तो जातीचा शब्दही सरावात ओरडावा, म्हणजे सवय होईल. आम्ही साफ नकार दिला. त्या शब्दाची सवय आपल्या लेकरांना कशाला लावायची?

काही कार्यकर्ते आमच्यावर रागावले. “डोळे मिटून बसायला शिकवता, म्हणजे लढा सोडायला शिकवता,” असं म्हणाले. ही शंका रास्त आहे. म्हणून सांगतो, त्या स्पर्धेबद्दल आम्ही लेखी तक्रार दिली, पाठपुरावाही केला. ते काम आम्हा मोठ्यांचं. चाळीस मिनिटांच्या सामन्यात ते ओझं त्या पोराच्या पाठीवर नको.

पालवणकर बाळू यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? चर्मकार समाजातले, जन्म 1876 चा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचं काम करत आणि सरावाला साहेबांना तासन् तास चेंडू टाकत. फलंदाजी मात्र कुणी करू देत नसे. पुढं हिंदूंच्या संघात घेतलं ते गोलंदाजीसाठी. मैदानावर चेंडू एकच, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. तो चहा पिऊन हा माणूस पुन्हा मैदानात जायचा आणि चेंडू हवा तिथंच टाकायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकटे भाऊ विठ्ठल यांना, 1923 साली. पुढं 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हेही आम्ही लपवत नाही. राजकारण त्यांचं चुकलं असं आमचं मत आहे. त्यांच्या गोलंदाजीला मात्र आम्ही हात जोडतो.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत कासारांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. म्हणजे हातानं काम करणाऱ्या माणसांच्या पैशावरही ही लेणी उभी राहिली. पोरांना लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला नेतो तेव्हा वर गेल्यावर ही गोष्ट सांगतो. धापा टाकत ऐकतात बिचारी.

तो चढाईपटू आता परत सरावाला येतो. जिंकतोच असं नाही. गेल्या महिन्यात एका सामन्यात पुन्हा कुणी काही बोललं. तो मध्यरेषेवर थांबला, एक लांब श्वास सोडला, आणि मग गेला. एक गुण आणला. सामना हरलो.

मुलींचा संघ या वर्षी नवा आहे, आयांनी त्यांना संध्याकाळी साडेपाचला पाठवावं, अंधार पडायच्या आत आम्ही स्वतः घरी पोचवू. आणि मॅटसाठी वर्गणीची वही दाराशी ठेवलेली आहे.

नमो बुद्धाय, जयभीम.