वाणिज्याच्या पदवीला परमुलखाची जोड
(रेडिओवरील भाषण)



ठाण्याच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेल्या कोलशेत गावाकडे जाणारा रस्ता ज्यांनी दोन-तीन दशकांपूर्वी पाहिला असेल, त्यांना त्या रस्त्यावरचे दोन परदेशी कंपन्यांचे विस्तीर्ण कारखाने आठवत असतील. त्यांपैकी एक बाझेलच्या सँडोझचा, जो पुढे क्लॅरिअंटच्या नावाने चालला, आणि दुसरा लेव्हरकूझेनच्या बायरचा. त्या दोन्ही जमिनी आता विकल्या गेल्या आहेत, तेथे उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि त्या इमारतींतली व आसपासच्या ढोकाळी, बाळकुम, मानपाडा या वस्त्यांतली मुले सकाळच्या बसने ठाण्यातल्या वाणिज्य महाविद्यालयांत जात आहेत. ज्या गावाचा युरोपच्या व्यापारी दप्तरांशी इतका निकटचा संबंध होता, त्या गावच्या मुलाला वाणिज्याची पदवी हाती घेईपर्यंत युरोपातल्या एकाही देशाचा बाजार, कायदा, भाषा वा रीतिरिवाज यांचा यथार्थ परिचय होऊ नये, ही गोष्ट मला फार दिवस अस्वस्थ करीत आली आहे, आणि तिच्याविषयीच आज मी आपल्याशी बोलणार आहे.

आपल्याकडे वाणिज्य शिक्षणाची परंपरा मुळीच उणी नाही. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले. ठाण्यातले विद्या प्रसारक मंडळाचे जोशी-बेडेकर महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे. हिशेब, लेखापरीक्षण, करआकारणी आणि कंपनी कायदा या विषयांत आपला पदवीधर कोणत्याही देशाच्या पदवीधराला हार जाणार नाही. परंतु तो ज्यांच्याशी व्यापार करणार आहे ती माणसे कोण, ती कशी वागतात, कशावर विश्वास ठेवतात, कोणत्या कारणाने माल नाकारतात, यासंबंधी त्याच्या पाठ्यक्रमात जे काही असते ते ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ या एका पुस्तकातल्या काही प्रकरणांत आटोपते, आणि त्या प्रकरणांत जग म्हणजे जकाती व विनिमयदर यांचे एक कोष्टक असते.

वाणिज्याला परमुलखाच्या अभ्यासाची जोड देण्याचा विचार अन्यत्र फार पूर्वी झाला. दुसरे महायुद्ध संपताच, १९४६ साली, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात लष्करी वैमानिकांच्या एका वापरात नसलेल्या तळावर परदेशी व्यापाराचे शिक्षण देणारी थंडरबर्ड ही संस्था सुरू झाली, आणि तिने व्यापारशास्त्र, एका भूप्रदेशाचा अभ्यास व त्या प्रदेशाची भाषा असे तीन धागे एकत्र विणले. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने पदवीच्या पातळीवरच अशी योजना केली, की विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी एक भाषा निवडावी, वाणिज्याबरोबर त्या भाषेच्या मुलखाचा इतिहास व राज्यव्यवस्था शिकावी, आणि एक सत्र तेथे जाऊन राहावे. या योजनेचे मर्म तिच्या परस्परावलंबनात आहे. नुसती भाषा शिकलेला मनुष्य दुभाषा होतो, नुसता परदेशी राहून आलेला प्रवासी होतो, आणि नुसते वाणिज्य शिकलेल्याला समोरच्या पत्रातले आकडे दिसतात, पण त्या आकड्यांमागचा माणूस दिसत नाही.

हे सारे आपल्या अनुभवापासून दूरचे वाटत असेल तर आपल्या हापूस आंब्याची हकिकत पाहावी. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ पासून भारतीय आंब्याला दरवाजा बंद केला, तो तब्बल वीस वर्षांनी, २००६ साली उघडला. उघडला तोही एका अटीवर, की फळाचा गाभा बाष्पाच्या उष्णतेने सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंत तापवून त्या तापमानात वीस मिनिटे ठेवावा. आणि या प्रक्रियेच्या देखरेखीसाठी अनेक हंगामांत जपानचे तपासनीस स्वतः इकडे येऊन उभे राहिले. पुढल्याच वर्षी, २००७ साली, अमेरिकेने आंबा घेण्यास मंजुरी दिली, पण तिला बाष्प नको होते. तिने किरणांची मात्रा मागितली आणि आंब्याच्या पेट्या लासलगावच्या केंद्रात जाऊ लागल्या. युरोपीय संघाने २०१४ च्या मे महिन्यापासून आपला आंबा अडवला आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी ती बंदी उठवली. तिकडच्या मालासाठी गरम पाण्यात फळे बुडवण्याची रीत रूढ झाली. तोच आंबा, तीच रत्नागिरी आणि देवगड, तीच वाशीची बाजारपेठ, आणि तीन मुलखांच्या तीन निरनिराळ्या शर्ती! यांपैकी प्रत्येक शर्तीमागे त्या देशाच्या शेतीचे भय, त्याच्या ग्राहकाचा स्वभाव आणि त्याच्या शासनाची कार्यपद्धती आहे. हे जाणणारा एखादा पदवीधर निर्यातदाराच्या पेढीत असता तर ती वीस वर्षे पंधरावर आली असती, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही. तरीपण जपानी अधिकाऱ्याच्या मनातली शंका त्याच्याच भाषेत ऐकून घेणारा कोणी असणे हे उपकारकच झाले असते, याविषयी मला संदेह नाही.

द्राक्षांची कथा याहून दुःखद आहे. २०१० साली नाशिककडची द्राक्षे युरोपात पोचल्यावर त्यांत क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाचा अंश अनुज्ञेय मर्यादेहून अधिक सापडला आणि माल नाकारला गेला. त्या रसायनाची तपासणी आपल्याकडच्या यादीतच नव्हती. वर्षभर राबलेल्या बागायतदारावर कर्जाचा डोंगर आला, तो त्याने काही चोरी केली म्हणून नव्हे. युरोपात नियम काय आहे आणि तो कसा अंमलात येतो, हे वेळेवर वाचून मराठीत सांगणारे माणूस साखळीत कोठेच नव्हते म्हणून. हा प्रसंग आठवला की वाणिज्य शिक्षणातील ही उणीव केवळ शैक्षणिक स्वरूपाची आहे असे मला म्हणवत नाही.

आता भाषेकडे वळतो. ठाण्या-मुंबईकडची पुष्कळ मुले अकरावी-बारावीला फ्रेंच किंवा जर्मन घेतात, परंतु ती बहुधा गुणांची बेरीज वाढवणारा विषय म्हणून. पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल पडताच ती भाषा सुटते, आणि दोन वर्षांची ती मेहनत वाया जाते. वास्तविक तेथूनच पुढे व्यापाराची भाषा शिकवावयास हवी. अगदी लहानशी गोष्ट घ्या. जर्मन पद्धतीत हजाराचा गट टिंबाने तोडतात आणि दशांश स्वल्पविरामाने दाखवतात; म्हणजे आपण ज्याला सव्वा म्हणू तो आकडा ते १,२५० असा लिहितात, आणि बाराशे पन्नास हा १.२५० असा. दरपत्रक वाचताना ज्याच्या डोळ्याला ही सवय नाही तो किलो आणि टन यांचा घोळ केव्हा करील याचा नेम नाही. असल्या गोष्टी व्याकरणाच्या पुस्तकात नसतात, त्या पेढीवर शिकाव्या लागतात. आणि त्या शिकवू शकणारी, जन्मभर परदेशी पत्रव्यवहार व जहाजाची कागदपत्रे सांभाळून निवृत्त झालेली माणसे आजही ठाण्या-मुंबईतच राहतात. त्यांना वर्गात बोलावण्यास कोणत्या परवानगीची आवश्यकता आहे?

सगळ्यांनी जर्मनच्याच मागे लागावे, असेही मी म्हणत नाही. आखाती देशांशी कोकणच्या घराघराचा संबंध असूनही अरबी भाषा वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सुचतच नाही, हे मला खटकते.

या भूमीला हे ज्ञान नवे आहे काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या सागरी वर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, अशी तक्रारही आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. १६७४ साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन व्यापारी तहाची बोलणी करण्यासाठी रायगडावर आला, तेव्हा त्याने नारायण शेणवी हा दुभाषा बरोबर आणला होता. इंग्रज व्यापारी आपल्या दरबारात येताना आपला मुलूख जाणणारा माणूस घेऊन आले. आपण त्यांच्या बाजारात जाताना कोणाला घेऊन जातो, हा प्रश्न तेव्हापासून तसाच पडून आहे.

साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ अनुकूल आहेत. १९५६ साली स्थापन झालेल्या इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्सने १९९१ पासून मुंबईत पदवीधरांसाठी असा शिक्षणक्रम चालवला आहे, की ज्यात वर्गातले व्यवस्थापनशास्त्र, कंपनीतले प्रत्यक्ष काम आणि जर्मन भाषा एकत्र येतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली केलेल्या नियमांनुसार पात्र महाविद्यालयाला परदेशी विद्यापीठाशी करार करून जोडअभ्यासक्रम चालवता येतो, आणि विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी तीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिकडे मिळवण्याची मुभा आहे. तीन वर्षांच्या पदवीत हे जवळजवळ एक वर्ष होते.

राहता राहिला खर्च, आणि तो मध्यमवर्गीय कुटुंबाला लहान नाही. जर्मनीतल्या बहुतेक शासकीय विद्यापीठांत शिकवणीशुल्क नसले, तरी व्हिसासाठी राहण्याखाण्याची तरतूद बँकेत आगाऊ दाखवावी लागते, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून ती दरमहा ९९२ युरो या हिशेबाने धरली जाते. म्हणून माझी सूचना अशी, की प्रारंभी वर्षभराचा आग्रह न धरता एका सत्राची तजवीज करावी, जाणाऱ्यांची संख्या थोडी ठेवावी, त्यांचा निम्मा खर्च निर्यातदारांच्या संस्थांनी शिष्यवृत्तीच्या रूपाने उचलावा, आणि त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्याने तिकडे राहून एका जिनसेचा, मग ती भेंडी असो, आंबा असो वा रंगाची पूड असो, तेथल्या बाजारातला प्रवास लिहून आणावा. तो लेख त्याने मराठीत लिहावा, आणि महाविद्यालयाच्या परीक्षकांपुढे वाचण्याआधी मुरबाड किंवा शहापूरच्या शेतकऱ्यांच्या बैठकीत वाचावा. त्या बैठकीत त्याला जे प्रश्न विचारले जातील, त्यांची उत्तरे त्याने कशी दिली, यावर त्याचे निम्मे गुण ठरावेत.