सहनिवास, सहजीवन आणि सप्तपदी



‘लिव्ह-इन रिलेशनशिप’ हा शब्द आज मराठी घरांना अपरिचित राहिलेला नाही. शिक्षण वा नोकरीनिमित्त महानगरांत राहणाऱ्या तरुण-तरुणींच्या बोलण्यात तो सहज येतो आणि गावाकडे आई-वडिलांच्या कानी पडला की घरात वादळ उठते. ‘आमचे आम्ही बघू’ आणि ‘आमच्या घरात हे चालणार नाही’ या दोन वाक्यांपलीकडे संवाद जातच नाही. म्हणूनच या विषयाचा संतापाने नव्हे, विचाराने परामर्श घ्यायला हवा.

प्रथम शब्दांचे अर्थ स्पष्ट करून घेऊ. एका छपराखाली राहणे हा सहनिवास होय. एकमेकांची सुखदुःखे वाटून घेणे हे सहजीवन. परंतु आपल्या परंपरेने पत्नीला ‘सहधर्मचारिणी’ म्हटले, तेव्हा तिच्या दृष्टीसमोर याहून मोठे काही होते. वृद्ध माता-पिता, अतिथी, अपत्ये आणि समाज या सर्वांप्रती असलेली कर्तव्ये दोघांनी मिळून पार पाडणे, हा गृहस्थाश्रमाचा आशय होय. म्हणून विवाहाची गणना सोळा संस्कारांत झाली. धर्म, अर्थ आणि काम यांत अतिक्रमण करणार नाही, हे ‘नातिचरामि’चे वचन चारचौघांच्या आणि अग्नीच्या साक्षीने दिले जाते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असे मानले आहे.

यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘आपल्याकडे गांधर्व विवाह नव्हता काय?’ होता. स्मृतिकारांनी सांगितलेल्या आठ प्रकारांत त्याचा समावेश आहे. परंतु तो विवाह होता; वाटेल तेव्हा सोडून जाण्याची मुभा नव्हती. महाभारतातील शकुंतला दुष्यंताकडून आधी वचन घेते, की तिच्या पोटी जन्मणारा पुत्रच राज्याचा वारस होईल. पुढे ती मुलाला घेऊन राजसभेत येते, तेव्हा राजा तिला ओळखच देत नाही. साक्षीदार कोणी नाही. अखेर आकाशवाणीने तिची बाजू सावरली. कालिदासाने याच कथेत अंगठीची योजना केली. विवाहाला साक्ष का लागते, याचे उत्तर या एका कथेत आहे. आजच्या शकुंतलेसाठी आकाशवाणी होत नाही. तिला न्यायालयाची पायरी चढावी लागते.

तेथे काय घडते? २००३ मध्ये मळिमठ समितीने अशा स्त्रीलाही पोटगी मिळावी, अशी शिफारस केली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘विवाहसदृश’ संबंधांतील स्त्रीला संरक्षण दिले. ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने पोटगीविषयक कलमात दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव संमत केला, तेव्हा राज्यभर वादळी चर्चा झाली. दोन सज्ञान व्यक्तींनी एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले. त्याच वर्षी वेलुसामी प्रकरणात त्याने कसोट्याही घालून दिल्या : दोघे विवाहास पात्र असावेत, पुरेसा काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि समाजापुढे पती-पत्नीप्रमाणे वावरलेले असावेत. २०१३ मध्ये इंद्रा सर्मा प्रकरणात, पुरुष विवाहित असल्याचे ठाऊक असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला या कायद्याचे संरक्षण मिळू शकले नाही.

यातील विसंगती लक्षात घ्या. बंधन नको म्हणून जे नाते स्वीकारले, ते विवाहासारखेच होते हे सिद्ध करण्याची वेळ पुढे स्त्रीवरच येते. उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी कायद्याने तर अशा संबंधांची नोंदणीच आवश्यक ठरवली. म्हणजे साक्ष हवीच. अग्नीची नसेल तर निबंधकाची! स्वातंत्र्य दोघांनी घेतले, तरी त्याची किंमत समसमान फेडली जात नाही. गर्भारपण, अपत्याचे संगोपन आणि लोकापवाद यांचा भार स्त्रीच्याच वाट्याला अधिक येतो.

तथापि, सारा दोष तरुणांच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. झारखंडच्या वनवासी भागांत ‘ढुकू’ म्हणवली जाणारी जोडपी आहेत. गावजेवणाचा खर्च परवडत नाही, एवढ्याच कारणाने ती वर्षानुवर्षे विवाहाविना संसार करतात आणि त्या स्त्रीला समाजात मानाचे स्थान मिळत नाही. सामूहिक विवाहांतून अशा अनेक जोडप्यांना ती प्रतिष्ठा मिळाली आहे. त्यांना विवाह हवा होता. समाजानेच तो महाग केला होता. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? हुंडा, मानपान, कर्ज काढून केलेला थाटमाट, पत्रिकेचा अट्टाहास आणि जातीची भिंत ही अडथळ्यांची शर्यत आपणच उभी केली. संस्कार मागे पडला आणि प्रदर्शन पुढे आले, तर तरुण मनाला विवाह हे ओझे वाटणारच.

म्हणून कर्तव्य दुहेरी आहे. विवाह साधा, सुलभ आणि हुंडामुक्त करणे हे पहिले. मुला-मुलींशी या विषयावर मोकळेपणाने बोलणे हे दुसरे. मुलीने असा निर्णय घेतलाच, तर तिला चुकीची जाणीव जरूर द्यावी. पण माहेरचे दार बंद करू नये. ज्या दिवशी तो निघून जाईल, त्या दिवशी तिला दुसरा आधार उरणार नाही. आणि अशा संबंधातून जन्मलेले मूल तर सर्वथा निर्दोष असते. त्याला टोचून बोलणे हा अधर्मच होय.

विवाहसंस्था धाकाने टिकणार नाही. ज्या घरात मुले आई-वडिलांचा परस्परांविषयीचा आदर पाहत वाढतात, त्या घरात सप्तपदीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. असे घर उभे करणे, हेच आपल्या प्रत्येकाचे कार्य आहे.