अठरा, स्टॅफर्ड टेरेस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लंडनला लेकीकडे राहून आलात, तर तिथे काय पाहिलेत ते सांगा, असा मंडळाचा हुकूम झाला. राजवाडे नि पूल तुम्ही चित्रांत पाहिलेच आहेत. मी एका घराविषयी बोलणार आहे.

केन्सिंग्टन भागात, एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतले हे एक घर. अरुंद आणि उंच. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न १८७५ साली पत्नी मॅरियनसह इथे राहायला आले. तळघरात स्वयंपाकघर, त्यावर जेवणघर, पहिल्या मजल्यावर पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत लांबलचक दिवाणखाना, वर निजायच्या खोल्या, आणि अगदी माथ्यावर मुले व मोलकरणी. म्हणजे चूल तळाला आणि मोलकरणीचे अंथरूण माथ्याला! मधले जिने दिवसातून किती वेळा चढायचे, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

भिंतींना विल्यम मॉरिसच्या नक्षीचे कागद, त्यांवर चौकटीला चौकट भिडलेली चित्रे, रंगीत काचा, निळी-पांढरी चिनी भांडी. बरोबरची मंडळी ‘वा, वा’ म्हणत होती. माझ्या मनात आले, हे सगळे पुसत कोण असेल? सँबोर्नसाहेब घरच्यांना नि नोकरांना नाना आविर्भावांत उभे करून फोटो काढीत, त्यांवरून चित्रे रेखाटीत, आणि फोटो धुवायला न्हाणीघर अडवीत. मॅरियनबाईंनी ते कसे सोसले, त्यांनाच ठाऊक.

या बाई १८८१ पासून १९१४ पर्यंत रोजनिशी लिहीत होत्या. जेवणे, पाहुणे, नोकरमाणसे, दुखणी. घर चालत कसे होते, हे त्या वह्यांमुळे आज कळते. मुलगा रॉय याने लग्न केले नाही. १९४६ मध्ये तो वारला तोवर त्याने घर जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. पुढे त्याची भाची अ‍ॅन, रॉसची काउंटेस, हिने ते सांभाळले. त्या काळी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतल्या घरांना लोक कुरूप म्हणत नि सर्रास पाडीत. अ‍ॅनने १९५७ च्या नोव्हेंबरात याच घरी मंडळी जमवली, आणि त्यातून १९५८ मध्ये ‘व्हिक्टोरियन सोसायटी’ उभी राहिली. १९८० मध्ये घर लंडनच्या नगरशासनाने घेतले. आता ते संग्रहालय आहे.

आमचा सदाशिव पेठेतला वाडा १९९४ साली पाडला. दिंडीदरवाजाचे फोटो आहेत, देवघराचेही आहेत. स्वयंपाकघराचा एकही नाही. तिथे फोटो काढण्यासारखे काय आहे, असे तेव्हा सर्वांनाच वाटले, मलाही. सासूबाईंचा पाट चुलीच्या डाव्या हाताला असे की उजव्या, यावर मी आणि जाऊबाई अजून वाद घालतो.