शाळेच्या आवारातली गावरान बाग



बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. मधोमध हिरवळ, कडेने रंगीत पानांचे क्रोटन, फाटकाशी दोन गुलमोहर आणि रोज पाणी घालायला एक माळी. चित्र सुरेख आहे, यात शंका नाही. पण ज्या गावात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर, म्हणजे वीस इंच पाऊस पडतो, त्या गावात हे चित्र किती दिवस टिकेल? याचा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. तो मला एका बाईने शिकवला. तेवढी हकिगत आधी सांगतो.

मी प्राथमिक शिक्षक. माणदेशाच्या बाजूला एका शाळेवर होतो. २०१० साली मोठ्या हौसेने मी शाळेपुढे बाग केली. अगदी मघाच्या चित्रातल्यासारखी. दोन वर्षे ती छान दिसली. पाहुणे आले की मी त्यांना आधी बाग दाखवत असे. पुढे २०१२ चा पाऊस रुसला आणि २०१३ चा उन्हाळा कसा गेला, ते त्या भागातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. गावात चौथ्या दिवशी टँकर येई. बाग वाचावी म्हणून मी मुलांना सांगितले, बाटलीत उरलेले पाणी घरी नेऊ नका, झाडाला घाला.

तिसऱ्या दिवशी एक आई शाळेत आली. पदर सावरून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, घरात म्हातारीला घोटभर पाणी मिळंना. आणि माझ्या पोरीला दिलेलं पाणी तुम्ही त्या रंगीत झाडाला घालाया लावता व्हय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून पाणी बंद केले. तीन आठवड्यांत हिरवळ पिवळी पडली, क्रोटन वाळले, गुलमोहराच्या रोपांनी माना टाकल्या.

पण मंडळी, गंमत पुढेच आहे. एका रविवारी मुलांना घेऊन ओढ्याच्या काठाने माळावर गेलो. ऊन मी म्हणत होते. आणि त्या उन्हात करंजाला कोवळी, चकचकीत पालवी फुटलेली! कडुनिंब नव्या पानांनी डवरलेला. बोरी, हिवर, बाभळी जिवंत. पळसाचा लाल बहर सरत आला होता. या झाडांना कुणी घागरभर तरी पाणी घातले होते का? एका मुलाने मला सरळ विचारले, "गुरुजी, मग आपण हीच झाडं शाळेत का नाही लावली?" आजचे माझे भाषण म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे.

ही झाडे कशी तगतात? त्यात जादू नाही. पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी कोरड्या दिवसांत पाने गाळून टाकतात. पान म्हणजे पाणी बाहेर जाण्याचे दार. दारच बंद केले की खर्च वाचला. बाभळीने पाने इतकी बारीक केली की उन्हाला फारसे काही सापडत नाही. कडुनिंबाची, बोरीची मुळे खोल जातात आणि वर माती करपली तरी खालची ओल गाठतात. हजारो वर्षे इथला उन्हाळा सोसून त्यांनी आपला संसार बसवलेला आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प आणि सुबाभूळ मेक्सिकोकडची, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. त्यांची रीत त्यांच्या मुलखाची.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग परदेशी झाड म्हणजे वाईटच का? तसे नव्हे. आपली चिंच मूळची आफ्रिकेतली. पेरू, सीताफळ, पपई आणि रोजच्या भाकरीबरोबरची मिरचीसुद्धा अमेरिकेतून आली. त्यांना कोण बाहेर काढणार? प्रश्न जातकुळीचा नाही, नात्याचा आहे. हे झाड इथल्या पाखराला, किड्याला, मातीला काय देते, आणि बदल्यात किती पाणी मागते, एवढेच पाहायचे. घाणेरी, वेडी बाभूळ, गाजरगवत हेही पाहुणेच. पण त्यांनी यजमानाचीच जागा बळकावली. असल्यांना मात्र बागेत थारा देऊ नये.

नात्याचा एक दाखला देतो. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या पानावर हिरवी अळी दिसली की आपण फवारा शोधतो. पण ती बहुधा एका सुंदर फुलपाखराची अळी असते. बहाव्यावर पिवळसर फुलपाखरे अंडी घालतात, रुईवर तांबूस पंखांची, पानफुटीवर काळ्या-लाल ठिपक्यांची. अळीला कुठलेही पान चालत नाही. तिचे ताट ठरलेले असते. आणि या अळ्या पाखरांच्या पिलांचे अन्न आहेत. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना किडे-अळ्याच भरवते. तेव्हा बागेतली चार पाने कुरतडलेली दिसली, तर बाग बिघडली असे समजू नका. ती कामाला लागली असे समजा.

शेतकऱ्यांना यात काय, असे कुणी विचारील. कांद्याचे बी धरणाऱ्याला विचारा, सूर्यफूलवाल्याला विचारा, मांडवावर भोपळा चढवणाऱ्या आजीला विचारा. मधमाशी आली नाही तर फूल फुकट जाते. पण माशीला आपल्या पिकाच्या पंधरा दिवसांपुरते खायला घालून भागत नाही. तिला बारा महिने पोट आहे. म्हणून बागेत फुलांचा क्रम लावावा. माघ-फाल्गुनात सावर, पांगारा, पळस, चैत्रात कडुनिंब, पुढे करंज आणि बहावा, पावसाळ्यात बाभूळ आणि तरवड, भाद्रपदाच्या सुमाराला बोर. अशी रांग लावली की वर्षाचा एकही हंगाम उपाशी जात नाही. बांधावर ही झाडे असली तर तुमच्या पिकाला राखणदार आपोआप मिळाले.

आता प्रत्यक्ष आखणी पाहू. शाळेचे आवार अर्धा एकर धरा. पश्चिमेच्या बाजूला उंच झाडे लावावीत, म्हणजे दुपारनंतरचे ऊन वर्गावर येणार नाही. कडुनिंब, करंज, बहावा, आपटा पंचवीस-पंचवीस फुटांवर. वड, पिंपळ, उंबर मोठ्या मनाची झाडे. इतर फळे नसतात तेव्हा पाखरे त्यांच्यावर जगतात. पण त्यांची मुळे भिंत आणि विहीर ओळखत नाहीत, तेव्हा त्यांना दूर कोपरा द्यावा. कुंपणाला करवंद. त्याच्या आतल्या अंगाला निर्गुडी आणि अडुळसा, कारण यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. कुंपणावर गुळवेल आणि शतावरी चढवावी. मोकळ्या जागेत विकतची हिरवळ नको. मारवेल वाढू द्यावे, वर्षातून एकदा कापावे, गुरांना घालावे. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. कण्हेर विषारी आहे, लहान मुलांच्या शाळेत ती लावू नये. रुई लावाल तर कडेला, आणि तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

एकाच जातीची पन्नास झाडे लावण्याचा मोह टाळा. सुबाभळीची गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. हे कल्पतरूच, असे म्हणून ती सगळीकडे लावली गेली. १९८८ च्या सुमाराला एक बारीक रसशोषक कीड देशात आली आणि सुबाभळीचे शेंडे पाहता पाहता बोडके झाले. दहा जातींची बाग असली तर एकीवर संकट आले तरी नऊ उभ्या राहतात.

रोपे कुठून आणायची? शक्यतो गावातूनच. कडुनिंबाचे बी फार दिवस टिकत नाही. पिकलेली निंबोळी वेचून दोन-तीन आठवड्यांच्या आत पेरावी. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण. एका बाजूने दगडावर किंचित घासून रात्रभर पाण्यात ठेवावे. बाभळीचे बी शेळ्यांच्या वाड्यातून वेचावे; शेळीच्या पोटातून आलेले बी चांगले उगवते. हे मला शाळेशेजारच्या एका धनगर बाबांनी सांगितले, आणि पुढे पुस्तकातही तेच सापडले.

खड्डे उन्हाळ्यात घ्यावेत, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, आणि तापू द्यावेत. वरची माती वेगळी ठेवून ती कुजलेल्या शेणखताबरोबर भरावी. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की रोप लावावे. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण त्याच दिवशी घालावे; उद्या घालू म्हटले की शेळी आजच येते. बुंध्याभोवती आळे करून तीन-चार इंच पालापाचोळा पसरावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. पालापाचोळा जाळणे म्हणजे घरचे खत चुलीत घालणे.

पाण्याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. गणिताचा तास सार्थकी लागेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, म्हणजे साठ चौरस मीटर. पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर झाले तीस हजार लिटर! पाचवा हिस्सा वाया गेला तरी चोवीस हजार उरतात. हे पाणी आपण आजवर रस्त्यावर सोडत आलो. पन्हळ लावून ते टाकीत घ्या, टाकी नसेल तर झाडांच्या ओळींत चर काढून तिथेच जिरवा.

पहिली तीन वर्षे रोपांना आधार लागतो. रोज वाटीभर पाणी देऊ नये. त्याने मुळे वरच रेंगाळतात. आठवड्यातून एकदा पोटभर द्यावे. कच्च्या भाजणीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. पाणी हळूहळू झिरपते आणि उन्हाला फारसे मिळत नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, आणि बहुतेक शाळांची झाडे तेव्हाच मरतात. आम्ही गावातल्या एकेका घराला दोन-दोन मडकी वाटून दिली. दुसऱ्या वर्षी पाणी कमी केले, चौथ्या वर्षी बंद.

२०१३ च्या पावसाळ्यात आम्ही साठ रोपे लावली होती. २०१८ ला पुन्हा पाऊस फसला आणि २०१९ चा उन्हाळा परीक्षा घ्यायला आला. या वेळी बागेला घागरभरही पाणी दिले नाही. एक्केचाळीस झाडे उभी राहिली. गेलेल्यांमध्ये माझे दोन लाडके ताम्हण होते. राज्याचे फूल म्हणून अभिमानाने लावले. पण ताम्हण नदीकाठचे, भरपूर पावसाचे झाड. ते महाराष्ट्राचे आहे, पण त्या माळाचे नव्हते. ही चूक माझीच. तुम्ही कोकणात असाल तर ताम्हण जरूर लावा. माणदेशात हिवर लावा. आपल्या तालुक्यात आपोआप काय उगवते, ते आधी पाहा.

आणि एक इशारा. उत्साहाच्या भरात गवताळ माळावर झाडे लावत सुटू नका. माळ रिकामा नसतो. चंडोल, खोकड, काळवीट यांचे ते घर आहे, मेंढपाळाचे ते कुरण आहे. झाडे लावायची ती शाळेत, बांधावर, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी.

त्याच २०१९ च्या उन्हाळ्यात ती आई पुन्हा शाळेत आली. मी जरा धास्तावलोच. ती म्हणाली, "गुरुजी, म्हातारीला खोकला झालाय. चार अडुळशाची पानं नेऊ का?" मी म्हटले, "बाई, बाग तुमचीच आहे." तिने पाने तोडली, जाता जाता एका मडक्यावरचे सरकलेले झाकण नीट केले आणि गेली.

शिक्षक मित्रहो, उद्याच्या उद्या खड्डे खणा असे मी म्हणत नाही. एक वही करा. मुलांना सांगा, घरातल्या आजी-आजोबांना विचारून गावच्या दहा झाडांची नावे लिहून आणा. ते कधी फुलते, त्यावर कोणते पाखरू बसते, त्याचा घरात काय उपयोग होतो. ही नावे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. वही भरली की तुमच्या बागेचा नकाशा तयार झाला असे समजा. खड्डे पुढच्या उन्हाळ्यात.