संगणकांचे प्रमाणीकरण आणि कामगार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'संगणकांचे प्रमाणीकरण' असे सांगितले. चालक क्षणभर गप्पच राहिले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. संगणकाशी त्याचा काय संबंध, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. त्यांना आम्ही दोष देत नाही. १९८२च्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि तिच्याबरोबर आमची दिवसाची शाळाही सुटली. रात्रशाळेत नववीपर्यंत मजल गेली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. परंतु जो विषय कामगाराच्या पगारपत्रकात शिरला तो आमचा झाला, मग त्याचे नाव कितीही जड असो.

प्रथम विषय सोपा करून मांडतो. एखादी कंपनी अनेक देशांत पसरलेली असते. प्रत्येक देशातल्या कचेरीने आपापल्या सोयीने संगणक घेतलेले असतात, हिशेबाची तऱ्हा आपापली असते आणि मालाला ठेवलेली नावेही आपापली असतात. मग मुख्य कचेरी ठरवते की, यापुढे सर्वत्र यंत्रणा एक, नमुना एक, आणि काही बिघडले तर दाद मागण्याचे दारही एकच. याला प्रमाणीकरण म्हणतात.

ही गोष्ट मुळात वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडात १८४१ साली व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअराने स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसण्याची शाश्वती नव्हती. ज्याने हातात पाना धरला आहे त्याला प्रमाणाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. संगणकाच्या बाबतीतही तेच. नेस्ले कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने १९९० नंतरच्या दशकात आपले हिशेब तपासले, तेव्हा असे आढळले की तिचे निरनिराळे कारखाने एकाच व्यापाऱ्याकडून व्हॅनिला घेत होते आणि त्याला २९ निरनिराळे भाव देत होते. प्रत्येक कारखान्याने व्हॅनिलाला आपापला सांकेतिक क्रमांक दिला होता. त्यामुळे ही सर्व खरेदी एकाच वस्तूची आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. पुढे २००० साली त्या कंपनीने जगभर एकच यंत्रणा बसवण्याचे काम हाती घेतले. असा गोंधळ निस्तरणे हे शहाणपणच होय.

मग अडते कोठे? हे कळण्यासाठी आपल्याच मुंबईकडे पाहावे लागेल, कारण 'प्रमाणीकरण' हा शब्द गिरणगावाला संगणकाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. गिरण्यांत एकाच कामाला एका गिरणीत एक दर आणि शेजारच्या गिरणीत दुसरा, असा प्रकार होता. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो सार्वत्रिक संप चालला त्यात मालकांनी प्रमाणीकरणाची योजना पुढे केली. कामगारांनाही प्रमाणित दर हवेच होते! भांडण एवढेच होते की प्रमाण कोणाच्या सोयीचे, त्यात पगार घटतो काय आणि कामाचा बोजा वाढतो काय. वाद फॉसेट समितीपुढे गेला. प्रमाणित पगार मात्र पुढे १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने आले. तात्पर्य, एकच माप असावे की नसावे हा खरा प्रश्न नसतो. माप कोणी ठरवले आणि ते ठरवताना कोणाला विचारले, हा खरा प्रश्न असतो.

आता आमच्या अनुभवाची गोष्ट सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही. घेण्याचे कारणही नाही, कारण अशा कंपन्या पुष्कळ आहेत. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातला कारखाना, मालकी परदेशी. तेथे संगणक सांभाळणारा एक कंत्राटी तरुण होता. अकरा वर्षे त्याने ते काम केले. रात्रपाळीत हजेरीचे यंत्र अडले की कामगार त्याला हाक मारीत आणि तो येऊन काम करून जाई. एके दिवशी नोटीस लागली की, सर्व देशांत आता एकच यंत्रणा येणार असून तक्रारींसाठी एक मध्यवर्ती केंद्र राहील. तो तरुण गेला आणि त्याच्या जागी भिंतीवर एक पत्ता आला.

येथे आमची चूक कबूल केली पाहिजे. आम्ही पहिल्या सभेत 'संगणक हटवा' अशी घोषणा दिली. टाळ्या भरपूर पडल्या. परंतु यंत्रणा कशी चालणार आहे, तिच्यात काय भरले आहे, हे एकाही शब्दाने आम्ही विचारले नाही. विचारण्याची वेळ तीच होती आणि ती आम्ही घोषणेत घालवली.

नवी यंत्रणा सुरू झाली. आमच्याकडे पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते हे येथे सर्वांना ठाऊक आहे. यंत्रणेला मात्र रविवार तेवढा ठाऊक होता. गुरुवारी बोलावून घेतलेल्या माणसाला दुप्पट दराऐवजी साधी हजेरी मिळू लागली. दुसरे असे की, आपल्याकडे माणसाचे नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे अथवा पतीचे, आणि आडनाव. यंत्रणेत रकाने दोनच. कोणाचे वडील गळाले, तर कोणाचे वडील आडनावाच्या जागी जाऊन बसले. आधारवरचे नाव एक आणि कंपनीने कळवलेले नाव दुसरे, असे झाले की भविष्यनिर्वाह निधीचा दावा अडतो. निवृत्त झालेला एक फिटर मुलीच्या लग्नाच्या तोंडावर स्वतःच्याच पैशासाठी खेटे घालीत होता. त्याने आम्हांला विचारले, "साहेब, माझ्या बापाचं नाव बरोबर आहे हे मी आता कोणाला सांगू?" आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते.

तक्रार केली की तिला 'तिकीट' म्हणत. तिकिटाला क्रमांक पडे. केंद्राकडून ईमेलने उलट प्रश्न येई आणि तीन दिवसांत उत्तर गेले नाही तर तिकीट 'निकाली' म्हणून बंद होई. रात्रपाळीच्या कामगाराकडे कंपनीचा ईमेल कोठून असणार? कागदोपत्री सर्व तक्रारी निकालात निघत होत्या. वरच्या साहेबांच्या तक्त्यावर सारे हिरवेगार दिसत होते. आम्ही शेवटी एक साधी वही घातली. तिकिटाचा क्रमांक, तारीख, कामगाराचे नाव, किती रुपये अडले, आणि तिकीट कोणत्या कारणाने बंद झाले. चार महिन्यांची ती वही आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवली. स्थानिक अधिकारी सज्जन होते. ते म्हणाले, "आम्हांला पटते, पण गुरुवारची सुट्टी मान्य करून घ्यायची तर मंजुरी परदेशातून यावी लागते." पगार येथे, घाम येथे, आणि गुरुवार मात्र परदेशात!

मंजुरी आली, थकबाकी मिळाली, नावेही दुरुस्त झाली. त्या निमित्ताने कळले ते मात्र आम्ही विसरणार नाही. आमची तिकिटे युरोपातल्या यंत्रणेत जात आणि ती सोडवणारा मुलगा बसे हिंजवडीत, म्हणजे आमच्या कारखान्यापासून तासाभराच्या वाटेवर. मराठीच मुलगा. एकदा भेटायला आला तेव्हा म्हणाला, "काका, मला कळत होतं की गुरुवारची सुट्टी असते. पण नमुन्याबाहेर लिहायची मला मुभा नाही. एका तिकिटाला किती मिनिटं लागली हे माझ्यावर मोजलं जातं." बंधूंनो, आम्ही ज्याला आमचा प्रतिपक्ष समजत होतो तो आमच्याच जातीचा निघाला: कामगार. त्याची पाळी रात्रीची, त्याचेही माप दुसऱ्याने ठरवलेले. तो अकरा वर्षांचा तरुण मात्र परत कामावर आला नाही. ती हार आमच्या खात्यावर आहे.

कोणी म्हणेल, ही कामगारांची रड झाली. कंपनीचे तर भलेच होते ना? तर कंपनीच्याच दृष्टीने पाहू. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने युक्रेनमधून जगभर धुमाकूळ घातला. हिशेब ठेवण्याच्या एका प्रोग्रामच्या वाटेने तो शिरला. मर्स्क ही डेन्मार्कची प्रचंड जहाज कंपनी त्यात सापडली. आपल्या न्हावाशेवा बंदरातला तिच्या समूहाचा धक्काही ठप्प झाला होता. कोणाला कोणत्या संगणकात प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांची नक्कल ठेवीत. एक बुडाला तर दुसरा आहे, ही कल्पना. पण सर्व एकाच साच्याचे आणि एकाच दोरीत बांधलेले, म्हणून सर्व एकदम बुडाले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घानामध्ये. कारण तेथे त्या वेळी वीज गेली होती! तेथल्या माणसाने ती तबकडी नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेऊन दिली, तेथून ती इंग्लंडात पोचली आणि मग कंपनीचा जीव परत आला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे स्वतः सांगितले की, ४००० सर्व्हर आणि ४५००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. हे दहा दिवस कोणी काढले? रात्रंदिवस खपणाऱ्या माणसांनी. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली तर टोपली धरणारे हात तरी कमी करू नयेत, एवढे व्यवहारज्ञान घरच्या बाईलाही असते.

मग उपाय काय? उपाय नवे नाहीत. नॉर्वेत धातुकामगारांच्या युनियनने १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांतच क्रिस्टेन निगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन कामगारांना संगणकाचे शिक्षण दिले. १९७५ साली तेथे मालक आणि कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत करार झाला आणि संगणक आणण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधींना माहिती देणे, त्यांचे म्हणणे ऐकणे ठरले. जर्मनीत १९७२च्या कायद्याने, कामगाराच्या वागणुकीवर वा कामगिरीवर नजर ठेवणारे कोणतेही यंत्र बसवण्याच्या निर्णयात कामगारांच्या निवडलेल्या मंडळाला वाटा आहे. आपल्याकडे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. यंत्रे आली, पण वाटाघाटीच्या दारातून आली. आणि १९४७च्या औद्योगिक कलह कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात, ज्या बदलांसाठी आगाऊ नोटीस लागत असे त्यांत, कामगारकपात होण्याजोगे 'प्रमाणीकरण' हा शब्दच लिहिलेला होता. २०२० सालची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सेवाशर्ती बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस तिच्यातही आहे. हे कलम आमच्यासारख्यांनी पाठ केले पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. नमुना ठरण्यापूर्वी ज्या गावात तो लागू होणार तेथल्या कामगारांना विचारा. प्रत्येक कारखान्यात, निदान प्रत्येक पाळीत, स्थानिक भाषा बोलणारा एक जाणता माणूस ठेवा आणि त्याला थोडा तरी निर्णयाचा अधिकार द्या. तक्रार निकालात निघाली की नाही हे तक्रार करणाऱ्याला ठरवू द्या. आणि तिकीट सोडवणाऱ्या मुलामुलींना युनियनचे दार उघडे ठेवा. हे शेवटचे काम मालकांचे नसून आमचे आहे, आणि आम्ही ते उशिरा सुरू केले आहे.

त्या फिटरच्या मुलीचे लग्न झाले. पैसे लग्नानंतर दोन महिन्यांनी मिळाले. तोवर सोसायटीचे कर्ज काढावे लागले आणि त्याचे व्याज अजून फिटते आहे. आमची ती वही आजही आमच्या पिशवीत असते. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी, आणि आपल्या कारखान्यात, आपल्या कचेरीत, अशीच एक वही घालावी.