धुक्यातली राखण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला आफ्रिकेतल्या डोंगरांवर घेऊन जाणार आहे. पण निघायचं आहे ते कोकणातून.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावी मी शाळेत शिकवत होतो. एके सकाळी मुलं धावत आली, "गुरुजी, वाघ अडकलाय!" कोकणात बिबट्याला वाघच म्हणतात. जाऊन पाहिलं तर शेताच्या कुंपणाशी तारेची फासकी आणि तिच्यात कमरेशी अडकलेला बिबट्या. वनखात्याची माणसं पोहोचेपर्यंत तो गेला होता. फासकी लावणारा माझ्याच एका विद्यार्थ्याचा बाप. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "गुरुजी, वाघासाठी नव्हती लावली. डुकरासाठी लावली होती."

योगायोग असा, की त्याच दिवसांत मी डायन फॉसी यांचं 'गोरिलाज इन द मिस्ट' हे पुस्तक वाचत होतो. त्यातही जागोजागी फासेच फासे. तेही गोरिलांसाठी नव्हे, तर डुईकर नावाच्या छोट्या हरणांसाठी लावलेले. पण गोरिलाचं पिल्लू खेळता खेळता त्यात हात घालतं, तार मनगटात रुतते, जखम चिघळते. त्या वेळी मला वाटलं, फॉसीबाई म्हणतात तेच खरं. अशा माणसांना दयामाया दाखवता कामा नये. पुढं माझं मत थोडं बदललं. ते का बदललं, हेच आज सांगायचं आहे.

रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमा जिथं मिळतात, तिथं विरुंगा नावाची ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. तिच्या धुकट उतारांवर पहाडी गोरिला राहतात. १९५९-६० साली जॉर्ज शॅलर यांनी तिथं त्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या अंदाजानं ते साडेचारशेच्या आसपास होते. हेच शॅलर पुढं कान्हाच्या जंगलात वाघांच्या अभ्यासासाठी आले, म्हणून आपल्याकडच्या निसर्गप्रेमींना हे नाव परकं नाही.

डायन फॉसी मात्र सुरुवातीला प्राणिशास्त्रज्ञ नव्हत्या. जन्म १९३२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. अमेरिकेतल्या एका इस्पितळात त्या अपंग मुलांवर व्यवसायोपचार करत. १९६३ साली कर्ज काढून त्यांनी आफ्रिकेची सफर केली आणि गोरिला पाहिले. तीन वर्षांनी प्रख्यात मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांनी त्यांना गोरिलांच्या अभ्यासासाठी निवडलं. लीकी म्हणाले, जंगलात जायचं तर आधी अपेंडिक्स काढून टाका. बाईंनी खरोखरच शस्त्रक्रिया करून घेतली. मग लीकींचं पत्र आलं, की तशी काही गरज नव्हती, तुमची जिद्द तेवढी पाहायची होती!

१९६७ च्या सुरुवातीला काँगोतल्या कबारा इथं काम सुरू झालं. सहा महिन्यांत तिथल्या बंडाळीमुळं त्यांना पळ काढावा लागला. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी रवांडाच्या बाजूला करिसिंबी आणि विसोके या दोन पर्वतांच्या मध्ये तंबू ठोकले. दोन्ही नावं जोडून ठाण्याचं नाव ठेवलं करिसोके. उंची सुमारे तीन हजार मीटर. सतत पाऊस, चिखल, खाजऱ्या झुडपांचं रान. बाईंना उंचीची भीती वाटे आणि पुढं फुप्फुसांचा विकारही जडला. तरी मधला थोडा काळ सोडला तर १८ वर्षं हेच त्यांचं घर होतं.

गोरिलांशी जवळीक कशी साधली? सुरुवातीला त्या मांड्यांवर थापा मारून गोरिलांच्या छाती बडवण्याची नक्कल करत. मग लक्षात आलं, की तो तर धोक्याचा इशारा आहे. तेव्हा त्यांनी रीत बदलली. रांगत जायचं, नजर खाली ठेवायची, रानटी सेलरीचे देठ चघळत बसायचं आणि पोट भरलेला गोरिला काढतो तसा ढेकरेसारखा आवाज काढायचा. प्रत्येकाच्या नाकावरच्या सुरकुत्यांचं चित्र काढून त्या एकेकाला ओळखू लागल्या. १९७० साली पीनट्स नावाच्या नरानं आपण होऊन त्यांच्या हाताला स्पर्श केला. 'किंगकाँग' चित्रपटानं ज्याला राक्षस ठरवलं होतं, तो प्राणी शाकाहारी, लाजाळू आणि कुटुंबवत्सल असल्याचं जगाला कळलं.

त्यांचा सर्वांत लाडका गोरिला डिजिट. त्याचं एक बोट वाकडं होतं, म्हणून हे नाव. १९७७ च्या अखेरच्या दिवशी शिकाऱ्यांनी त्याला भाले खुपसून मारलं. आपल्या कळपाला पळायला वेळ मिळावा म्हणून तो एकटा झुंजत राहिला. त्याचं मुंडकं आणि हात कापून नेले होते. अशा वस्तू तेव्हा परदेशी पाहुण्यांना शोभेसाठी विकल्या जात.

इथून फॉसीबाई बदलल्या. डिजिटच्या नावानं त्यांनी निधी उभारला आणि गस्ती पथकं नेमली. १९७९ साली चार महिन्यांत चार स्थानिक गस्तीवाल्यांनी ९८७ फासे उखडले. हे काम मोठंच. पण त्याचबरोबर बाईंनी शिकाऱ्यांचं सामान जाळलं, जंगलात शिरलेल्या गुरांवर गोळ्या झाडल्या, पकडलेल्या माणसांना खाजऱ्या काट्यांनी झोडपलं. सहकारी दुरावले, शेजारची गावं वैरी झाली. २६ डिसेंबर १९८५ च्या रात्री त्यांच्याच झोपडीत त्यांचा खून झाला. एका न्यायालयानं निकाल दिला, पण त्यावर अनेकांचा विश्वास नाही. डिजिटच्या शेजारीच त्यांना पुरलं आहे.

इथं गोष्ट थांबवली तर ती एका वीरांगनेची शोकांतिका होते. मीही बरीच वर्षं ती तशीच सांगत असे. पण मग प्रश्न उरतो, गोरिला वाचले कसे?

कारण धोका फक्त भाल्याचा नव्हता. १९६९ च्या सुमारास रवांडातल्या या उद्यानाचा सुमारे चाळीस टक्के भाग पायरेथ्रम या फुलांच्या लागवडीसाठी काढून घेतला गेला. त्या फुलांपासून कीटकनाशक बनतं आणि ते परदेशी जातं. १९८१ च्या मोजणीत विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. भोवती दाट वस्ती, हातभर जमिनीवर जगणारी कुटुंबं. उरलेल्या जंगलाचाही मोठा तुकडा गुरांच्या कुरणासाठी तोडायचा सरकारचा बेत होता. चार गस्तीवाले फासे काढतील. जंगल तोडणारं सरकार कसं अडवतील?

करिसोकेला आलेल्या बिल वेबर आणि अ‍ॅमी व्हेडर या तरुण जोडप्यानं वेगळा विचार मांडला. जिवंत गोरिला या देशाला गुरांपेक्षा जास्त मिळवून देतो, हे दाखवून द्यायचं. १९७९ पासून मोजक्याच पर्यटकांना, मोजकाच वेळ, पैसे घेऊन गोरिला दाखवायला सुरुवात झाली. जोडीला गस्त आणि शाळांतून शिक्षण. फॉसीबाईंचा याला कडाडून विरोध होता. माणसाच्या साध्या सर्दीनंही गोरिला मरू शकतो, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. म्हणूनच आज तिथं अंतर ठेवण्याचे आणि तासाभरातच परतण्याचे नियम कडक आहेत. २०१७ पासून रवांडात एका माणसाच्या परवान्याला १५०० डॉलर पडतात आणि उद्यानाच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा आसपासच्या गावांना जातो.

आणि माग काढणारी माणसं? ती तिथलीच. काहींच्या घरी तर शिकारीचीच परंपरा. १९९४ च्या भीषण नरसंहारात लाखो माणसं मारली गेली, करिसोके लुटलं गेलं. तरी ही माणसं जमेल तेव्हा जंगलात जाऊन गोरिलांचा माग घेत राहिली. पलीकडे काँगोत विरुंगा उद्यानाचं रक्षण करताना आजवर दोनशेहून अधिक वनरक्षकांनी प्राण दिले आहेत.

फळ काय मिळालं? २०१५-१६ च्या मोजणीत विरुंगात ६०४ गोरिला आढळले. युगांडातल्या ब्विंडी जंगलातले धरून आकडा हजाराच्या वर गेला. २०१८ साली पहाडी गोरिलांचं नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली 'संकटग्रस्त' यादीत आलं. हिशोब अजून पुरा झालेला नाही, हेही सांगायला हवं. या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या त्वा लोकांना त्यातून बाहेर काढलं गेलं. त्यांतले बहुतेक आजही भूमिहीन आहेत.

मग फॉसीबाई चुकल्या का? मी तसं म्हणणार नाही. त्या तिथं अडून बसल्या नसत्या, तर वाचवायला गोरिलाच उरले नसते. पण त्यांनी ज्यांच्यावर भरवसा ठेवला नाही, त्या माणसांवाचून ते टिकलेही नसते.

तो विद्यार्थ्याचा बाप वर्षभर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी डुकरांनी पुन्हा शेत उकरलं, तेव्हा मीच त्याच्या दारी गेलो आणि नुकसानभरपाईचा अर्ज लिहून दिला. पैसे थोडे मिळाले, उशिरा मिळाले; पण मिळाले. मग शाळेच्या पडवीत दर रविवारी असे अर्ज लिहून देण्याचा माझा नेमच झाला. एके रविवारी तो आला, हातात तारेची दोन वेटोळी. माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "वरच्या शेतातल्या काढल्यात, गुरुजी. खालच्या शेतातल्या अजून आहेत."

मी त्याच्या अर्जाचा कागद पुढं ओढला.